राजगृह : पुस्तकांसाठी बांधलेले घर

दरवर्षी ६ डिसेंबरला आपण चैत्यभूमीला जातो. रांगेत रात्र काढतो, दर्शन घेतो आणि परतीची गाडी गाठतो. पण तिथून जवळच, दादरच्या हिंदू कॉलनीत, राजगृह उभे आहे. आमच्यातलेही कितीतरी जण वर्षानुवर्षे तिकडे न वळताच परत येत होते, हे कबूल करतो.

परमपूज्य बाबासाहेब परळच्या बी.आय.टी. चाळीत ५० व ५१ नंबरच्या खोल्यांत राहायचे. माणसे आणि पुस्तके, सगळी त्या दोन खोल्यांत! म्हणून १९३०च्या सुमारास त्यांनी दादरला जागा घेऊन घर बांधायला काढले. नाव दिले मगधाच्या जुन्या राजधानीचे, जिथे तथागतांचा वास होता. धर्मांतराची घोषणा तेव्हा व्हायची होती, पण नाव बघा कोणते निवडले! खाली कुटुंबाच्या खोल्या आणि वरचा मजला ग्रंथालयाला. चांगली हवेशीर जागा पुस्तकांना देणारा घरधनी आम्ही तरी दुसरा पाहिला नाही.

माता रमाईंना हे घर फार काळ लाभले नाही. पाच लेकरांपैकी चार गमावलेली ही माऊली २७ मे १९३५ रोजी राजगृहातच गेली. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याची घोषणा झाली. पुढच्या वर्षी लाहोरच्या मंडळाने बाबासाहेबांचे भाषण नको म्हटले, तेव्हा त्यांनी जातिसंस्थेच्या निर्मूलनावरचे ते भाषण स्वखर्चाने छापले. प्रती १५००.

पुस्तकांच्या खरेदीपायी कर्जही झाले. ते फेडायला ९ मे १९४१ रोजी आपली दुसरी इमारत, चार मिनार, त्यांनी विकून टाकली. राजगृह मात्र राखले.

१९५६ साली दिल्लीत महापरिनिर्वाण झाल्यावर बाबासाहेबांचे पार्थिव विमानाने मुंबईला आणले, ते आधी याच घरी. ७ डिसेंबरची अंत्ययात्रा इथूनच निघाली. ७ जुलै २०२० रोजी या घराच्या काचा आणि कुंड्या फोडल्या गेल्या, तेव्हा गावोगावची माणसे का कळवळली, ते यावरून समजेल.

आज तळमजल्यावर संग्रहालय आहे, वर आंबेडकर कुटुंबीयांचे घर. म्हणून आत हळू बोलावे, पोरांचा हात धरावा. बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू आणि छायाचित्रे त्यांना नीट दाखवावीत. यंदा नीरेहून निघणाऱ्या मंडळींनी परतीची गाडी थोडी उशिराची धरावी, एवढीच विनंती.