बत्तीसची पुंगळी आणि खेडचा शिवराम

परवा धर्मापुरीहून परळीला जाणाऱ्या एसटीत मागच्या सीटवर दोन पोरांचा वाद रंगला होता. कुणीतरी स्टेटसला पिस्तुलाचा फोटो ठेवलेला. एकाचं म्हणणं, बत्तीस म्हणजे बत्तीस, पिस्तूल असो की रिव्हॉल्वर, गोळी तीच. दुसऱ्याला ते पटत नव्हतं, पण का ते सांगता येत नव्हतं. आपल्या बीड जिल्ह्यात शस्त्रपरवान्यांच्या बातम्या इतक्या झाल्या की पोरं परीक्षेच्या आधी बोअरचा हिशोब शिकलीत. माझा थांबा आला आणि सांगायचं राहून गेलं. म्हणून आता तुम्हाला सांगतो. यात आपल्या खेडचा एक मुलगा आहे, वय तुमच्याएवढंच.

आधी वाद मिटवू. बत्तीस म्हणजे नळीचा व्यास, इंचाचा साधारण बत्तीस शतांश. बत्तीसच्या पिस्तुलाचं काडतूस आखूड असतं. पितळी पुंगळी १७ मिलिमीटरची, गोळी साडेचार ग्रॅमच्या आसपास. रिव्हॉल्वरच्या बत्तीसची पुंगळी २३ मिलिमीटरची, गोळी सहा ग्रॅमच्या वर, पण वेगाला कमी. एकाचं काडतूस दुसऱ्यासाठी नाही. आता यांच्याच शेजारी जर्मन माउझर पिस्तुलाचं काडतूस ठेवा. गोळीच्या जाडीत मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकाही फरक नाही. पण पुंगळी २५ मिलिमीटरची, बाटलीसारखी गळ्याशी निमुळती, आत दारू जास्त. पिस्तुलाच्या बत्तीसची गोळी सेकंदाला पावणेतीनशे मीटरच्या आसपास जाते, माउझरची सव्वाचारशेच्या पुढे. जोर जवळपास तिप्पट. म्हणजे नुसत्या आकड्यावरून काहीच कळत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. रिव्हॉल्वर आपली रिकामी पुंगळी पोटातच ठेवतं. ऑटोमॅटिक पिस्तूल ती रस्त्यावर फेकतं.

शिवराम हरी राजगुरू. जन्म २४ ऑगस्ट १९०८, पुणे जिल्ह्यातलं भीमेकाठचं खेड. सहा वर्षांचा असताना वडील गेले. इंग्रजीत गती नाही म्हणून थोरल्या भावाची बोलणी खाल्ली आणि पोरगा घर सोडून निघाला, असं सांगतात. खिशात काही पैसे, रुपये नव्हेत, पैसे. भटकत काशीला पोचला, संस्कृत शिकू लागला, आखाड्यात रमला. तिथेच क्रांतिकारकांशी गाठ पडली, आणि चंद्रशेखर आझादांच्या हिंदुस्थान सोशलिस्ट रिपब्लिकन असोसिएशनमध्ये तो सामील झाला. पक्षातलं नाव रघुनाथ. नेम पक्का. झोपही पक्की. सोबत्यांच्या आठवणींत राजगुरू कुठेही, कसेही, अगदी नको त्या वेळी झोपलेले सापडतात.

१९२८च्या ३० ऑक्टोबरला लाहोरमध्ये सायमन कमिशनविरोधी मोर्चावर लाठ्या चालल्या. लाला लजपतराय जखमी झाले, १७ नोव्हेंबरला गेले. लाठीमाराचा हुकूम देणारा पोलीस अधिकारी स्कॉट याला मारायचं ठरलं. दिवस १७ डिसेंबर. स्कॉटला ओळखून इशारा करायचं काम जयगोपालकडे. सायकल बिघडल्याचं नाटक करत तो पोलीस कचेरीबाहेर थांबला. दुपारी चारच्या सुमारास एक गोरा अधिकारी मोटारसायकलवर बाहेर पडला. जयगोपालने इशारा केला. राजगुरू पुढे झाले आणि पहिली गोळी झाडली. तो कोसळला. मग भगतसिंगांनी पिस्तुलातून लागोपाठ गोळ्या घातल्या. पाठलाग करणारा हवालदार चननसिंगही मारला गेला. त्या दिवशी आझादांकडे माउझर होतं, असं बहुतेक आठवणींत येतं.

मेलेला माणूस स्कॉट नव्हता. तो साँडर्स होता, एकवीस वर्षांचा. जयगोपालचा डोळा चुकला होता. पिस्तुलांचे आकडे पाठ असणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. नेम बरोबर असून माणूस चुकू शकतो.

रस्त्यावर पितळेच्या पुंगळ्या पडून राहिल्या.

तीन दिवसांनी भगतसिंग साहेबी हॅट घालून लाहोरहून रेल्वेने निसटले. सोबत दुर्गाभाभी पत्नीच्या वेषात, कडेवर त्यांचा लहानगा, आणि सामान सांभाळणारा गडी म्हणून आपले राजगुरू. पोलीस साहेबाकडे बघत नव्हते आणि गड्याकडे तर मुळीच नाही.

मग १९२९ उजाडलं आणि दिल्लीच्या असेंब्लीत बॉम्ब टाकायचं ठरलं. राजगुरूंना जायचं होतं, हट्टच धरला. पण तिथे पकडलं जायचं होतं आणि कोर्टात इंग्रजीत निवेदन करायचं होतं. इंग्रजी! लहानपणीचा वैरी पुन्हा आडवा. व्याकरणाची लघुकौमुदी पाठ केली तसं तेही घोकून टाकतो, अशी त्यांची तयारी होती म्हणे. मला हा राजगुरूंच्या आयुष्यातला सगळ्यात जवळचा प्रसंग वाटतो. गावाकडून येऊन इंग्रजी सेमिनारला उभं राहिलेल्या कुणालाही तो कळेल. पण पाठवलं नाहीच. ८ एप्रिलला भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त गेले, बॉम्ब टाकले आणि जागेवरच स्वतःला अटक करून घेतली. भगतसिंगांकडचं पिस्तूल पोलिसांच्या हाती लागलं. अमेरिकन कोल्ट, ऑटोमॅटिक, बोअर बत्तीस.

आता त्या लाहोरच्या पुंगळ्या आठवा. बत्तीसची पिस्तुलं हजारोंनी होती, त्यामुळे बोअर जुळणं हा पुरावा होत नाही. पण काडतूस उडतं तेव्हा टाचणीसारखी फायरिंग पिन त्याच्या बुडावर आपटते आणि पुंगळी मागच्या पोलादावर दाबली जाते. त्या पोलादावरचे बारीक ओरखडे पितळेवर उमटतात, आणि ते दोन पिस्तुलांचे सारखे नसतात. पकडलेल्या पिस्तुलातून नवी काडतुसं उडवायची आणि जुन्या-नव्या पुंगळ्या सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी लावायच्या. हे शास्त्र तेव्हा कोवळं होतं. लंडनचे बंदूकतज्ज्ञ रॉबर्ट चर्चिल यांनी १९२८ मध्येच गटरिज या पोलिसाच्या खुनाच्या खटल्यात ते वापरलं होतं. लाहोरच्या खटल्यातही त्यांची साक्ष आली. भगतसिंगांविरुद्ध पितळ बोललं.

राजगुरूंविरुद्ध काय? ते असेंब्लीत नव्हते, कोल्टही त्यांचं नव्हतं. ३० सप्टेंबर १९२९ला ते पुण्यात पकडले गेले. त्यांच्याविरुद्ध बोलली ती माणसं. जयगोपाल माफीचा साक्षीदार झाला होता. साक्ष द्यायला उभा राहिला तेव्हा आरोपींतला सर्वांत लहान प्रेमदत्त याने त्याला चप्पल फेकून मारली. मग व्हाइसरॉयच्या वटहुकुमाने १९३०च्या मे महिन्यात खास न्यायाधिकरण बसलं. शेकडो साक्षीदार, त्यातल्या बहुतेकांची उलटतपासणीच झाली नाही. वर अपील करायची सोयही या वटहुकुमात हायकोर्टापुरती बंद होती. पुंगळी निदान सूक्ष्मदर्शकाखाली तरी गेली. साँडर्सला स्कॉट समजलेल्या माणसाचे शब्द मात्र असे तपासले गेले नाहीत. राजगुरूंनी गोळी झाडली नव्हती असं मी म्हणत नाही. ती झाडली होतीच, आणि त्याचा त्यांना पश्चात्ताप होता असंही दिसत नाही. प्रश्न खटल्याचा आहे.

७ ऑक्टोबर १९३०ला निकाल लागला. भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना फाशी. ठरलेली तारीख २४ मार्च होती, पण २३ मार्च १९३१च्या संध्याकाळीच लाहोर तुरुंगात तिघांना फासावर चढवलं. देह रातोरात सतलजकाठी हुसैनीवालाजवळ नेऊन जाळले. राजगुरू तेव्हा साडेबावीस वर्षांचे होते. म्हणजे पदवी संपवून तुम्ही एमएला जाल, साधारण तेवढे.

ते कोल्ट अनेक वर्षं इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात इतर शस्त्रांमध्ये पडून होतं, काळा रंग फासलेलं. रंग खरवडल्यावर खालून नंबर निघाला, १६८८९६, आणि तो खटल्याच्या कागदांशी जुळला. आता ते हुसैनीवालाला आहे. खेडचं नाव राजगुरुनगर झालंय. पुण्याहून नाशिकला जाणारी एसटी तिथून जाते, आणि भीमेच्या काठावर वाडा अजून उभा आहे.