गाडगेबाबांच्या वडिलांचा जीव दारूने घेतला. आज तोच धोका कोणत्या टेस्टमध्ये दिसतो?

हातात खराटा आणि डोक्यावर गाडगं. गाडगेबाबा म्हटलं की हेच चित्र आठवतं. पण त्यांच्या आयुष्याची सुरुवात दारूने मोडलेल्या एका घरातून झाली होती, हे अनेकांना माहीत नसतं.

अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जी तालुक्यातलं शेंडगाव. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी तिथल्या परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. सण असो, नवस असो की पंगत, त्या काळी दारू ठरलेलीच. वडील झिंगराजी तिच्या आहारी गेले आणि १८८४ मध्ये वारले. डेबू तेव्हा आठ वर्षांचा होता. आई सखूबाई त्याला घेऊन माहेरी आली. अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातलं दापुरे हे ते गाव. मामाची गुरं राखत आणि शेतात राबत डेबू तिथेच मोठा झाला.

दारू नेमकं करते काय?

यकृताचं नुकसान सगळ्यांना माहीत असतं. पण दारूचा फटका स्वादुपिंडालाही बसतो. जठराच्या मागे असलेला हा अवयव अन्न पचवणारे रस आणि इन्सुलिन तयार करतो. त्याला वर्षानुवर्षं सूज राहिली की तो आतून कडक होतो. यालाच क्रॉनिक पॅनक्रियाटायटिस म्हणतात. पोटाच्या वरच्या भागात दुखून पाठीकडे जाणारी कळ, तेलकट शौच, घटणारं वजन आणि पुढे मधुमेह ही त्याची लक्षणं.

रिपोर्टमध्ये काय बघतात?

अमायलेज आणि लायपेज या रक्ताच्या तपासण्या अचानक आलेल्या सुजेत उपयोगी पडतात. जुन्या आजारात मात्र त्या नॉर्मलही येऊ शकतात. म्हणजे नॉर्मल रिपोर्ट आला म्हणून आजार नाही, असं होत नाही. पचनरस कमी पडतोय का, हे शौचातल्या इलास्टेजवरून कळतं. साखरेसाठी एचबीए१सी, तर कारण शोधण्यासाठी ट्रायग्लिसराइड आणि कॅल्शियम तपासतात. सीटी स्कॅन किंवा एमआरसीपीमध्ये खडे आणि रुंदावलेली नळी दिसते.

झिंगराजींच्या काळात यातलं काहीच नव्हतं. क्ष-किरणांचा शोधसुद्धा त्यांच्या मृत्यूनंतर ११ वर्षांनी लागला.

डेबूजींनी कारणावर बोट ठेवलं

१८९२ मध्ये डेबूजींचं कुंताबाईंशी लग्न झालं. मुलीच्या बारशाला रीतीप्रमाणे मटण आणि दारूची पंगत अपेक्षित होती. डेबूजींनी गोडाचं जेवण वाढलं. जातभाई चिडले, पण ते मागे हटले नाहीत. वडील ज्या रीतीपायी गेले, ती त्यांनी आपल्या दारातच थांबवली.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडलं. पुढची पन्नास वर्षं दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन करायचं, हाच क्रम. कीर्तनात ते लोकांनाच प्रश्न विचारत आणि दारू, कर्ज, पशुबळी, शिवाशिव यावर त्यांच्याच तोंडून उत्तरं काढून घेत. मिळालेल्या देणग्यांतून शाळा आणि धर्मशाळा उभ्या राहिल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही त्यांनी धर्मशाळा बांधली. आजारी माणसासोबत आख्खं घर फरफटतं, हे त्यांनी लहानपणीच बघितलं होतं.

प्रत्येक रुग्ण दारुडा नसतो

दारू हे या आजाराचं मोठं कारण आहे, पण एकमेव नाही. तंबाखू आणि सिगारेटमुळे धोका वाढतो. जनुकीय दोष, रक्तातली जास्त चरबी किंवा कॅल्शियम, नळीतला अडथळा आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीतला बिघाड हीसुद्धा कारणं असतात. भारतात कधीही दारू न घेतलेल्या तरुणांनाही हा आजार झालेला दिसतो. त्यामुळे पेशंटकडे संशयाने बघणं चुकीचं. आणि पीत असाल, तर डॉक्टरांपासून लपवणंही तितकंच चुकीचं. कारण सापडलं तरच उपचारांची दिशा ठरते. दारू आणि तंबाखू पूर्ण बंद करणं, ही त्यातली पहिली पायरी.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावला पेढी नदीच्या काठी गाडगेबाबांचं निधन झालं. अमरावतीच्या गाडगेनगरात त्यांची समाधी आहे आणि तिथल्या विद्यापीठालाही त्यांचंच नाव आहे. शेंडगावच्या ज्या घरातून आठ वर्षांचा डेबू आईचा हात धरून निघाला होता, तशी घरं वऱ्हाडात आजही आहेत. फरक इतकाच, की आता तपासणी वेळेवर करता येते.