जहाजांच्या तळाचा पहारेकरी

बंदराची सुरक्षा म्हटली की तटबंदी, तोफा आणि गस्ती नौका डोळ्यांसमोर येतात. नांगरलेल्या जहाजाचा घात मात्र पाण्याखालूनही होऊ शकतो. हा घात हुडकण्यासाठी दुसऱ्या महायुद्धात जे गोताखोर जिवावर उदार होऊन पाण्यात उतरले, त्यांत ब्रिटिश नौदलातील लायनेल क्रॅब यांचे नाव अग्रभागी आहे.

२८ जानेवारी १९०९ रोजी लंडनमध्ये जन्मलेले क्रॅब तरुणपणी व्यापारी जहाजांवर होते. १९४१ मध्ये ते नौदलात दाखल झाले आणि पुढच्याच वर्षी जिब्राल्टरच्या सुरुंगनाशक पथकात रुजू झाले. समोरच्या तटस्थ स्पेनमधील अल्जेसिरास बंदरात ‘ओल्टेरा’ या जहाजाच्या पोटात इटलीच्या नौदलाने गुप्त तळ थाटला होता. इटालियन जलसैनिक रात्रीच्या अंधारात येत आणि दोस्त राष्ट्रांच्या जहाजांच्या तळाला स्फोटके लावून जात.

इतरांनी वर आणलेले सुरुंग निकामी करणे एवढेच क्रॅब यांचे काम होते. पण पोहण्यात फारसे तरबेज नसतानाही त्यांनी स्वतः पाण्यात उतरण्याचे ठरवले. बुडालेल्या पाणबुडीतून सुटका करून घेण्यासाठी बनवलेले डेव्हिस श्वसनयंत्र हेच त्यांचे मुख्य साधन. त्यात शुद्ध प्राणवायू असे. सुमारे १० मीटरपेक्षा खोल गेल्यास तोच विषासारखा भिनतो आणि झटके येऊन शुद्ध हरपते. डिसेंबर १९४२ मधील हल्ल्यात मरण पावलेल्या दोन इटालियन जलसैनिकांची श्वसनयंत्रे आणि पायांत घालायची रबरी वल्ही हाती आली, तेव्हा क्रॅब यांनी शत्रूचीच साधने आपलीशी केली. जहाजाचा कणा, सुकाणू, पंखा यांची चाचपणी करीत त्यांनी अनेक जहाजे वाचवली. १९४४ मध्ये त्यांना जॉर्ज पदक मिळाले. पुढे लिव्होर्नो आणि व्हेनिस ही बंदरे सुरुंगमुक्त करण्यातही त्यांचा वाटा होता.

१९५५ मध्ये ते नौदलातून निवृत्त झाले. एप्रिल १९५६ मध्ये सोव्हिएत नेते ख्रुश्चेव आणि बुल्गानिन ‘ऑर्जोनिकिद्झे’ या क्रूझरमधून ब्रिटनच्या भेटीस आले. १९ एप्रिल रोजी गुप्तचर खात्यासाठी क्रॅब पोर्ट्समथ बंदरात त्या पाहुण्या युद्धनौकेखाली उतरले, ते परतलेच नाहीत. वय ४७, शरीर थकलेले आणि सोबतीला पाण्यात कोणीही नाही. नौदल खात्याने प्रथम भलत्याच ठिकाणच्या चाचणीची सबब पुढे केली. ही मोहीम मंत्र्यांच्या संमतीविना झाल्याचे पंतप्रधान ईडन यांना संसदेत सांगावे लागले आणि गुप्तचर प्रमुख बदलले गेले. जून १९५७ मध्ये चिचेस्टरजवळ शिर आणि हात नसलेला देह सापडला. तो क्रॅब यांचाच असल्याचा निर्वाळा चौकशीत देण्यात आला, तरी शंका मिटल्या नाहीत.

आज बंदरातील तपासणीसाठी ध्वनिलहरींची उपकरणे आणि दूरनियंत्रित याने आली आहेत. तरीही गढूळ पाण्यात अखेर माणसाचा हातच कामी येतो. म्हणूनच भारतीय नौदलाच्या कोची येथील प्रशिक्षण शाळेत गोताखोर घडवले जातात. पाण्याखाली जाणाऱ्याची जबाबदारी पाण्यावरच्यांनी घेतली नाही, तर कोणतेही तंत्र त्याला वाचवू शकत नाही. जहाजांचे तळ निर्धोक करणाऱ्या क्रॅब यांचा अंत एका जहाजाच्या तळाखालीच व्हावा, यातली शोकांतिका हीच आहे.