विश्लेषण : पिक्सेल, फ्रेम, कोडेक… आणि दादासाहेब फाळके

नवा संगणक घ्यायला गेलो की दुकानदार ‘फुल एचडी’, ‘साठ हर्ट्झ’ असे शब्द भराभर सांगतो आणि आपण मान डोलावतो. शब्द नवे असले तरी त्यांच्यामागची करामत शंभर वर्षांहून जुनी आहे. कर्जत-खालापूरकरांच्या तर ती शेजारची. खोपोलीच्या वर घाटमाथ्यावर लोणावळा आणि कर्जत तालुक्याची वेस ओलांडताच लागणारे वांगणी, या दोन्ही ठिकाणी धुंडिराज गोविंद फाळके यांनी काम केले.

लोणावळ्यात पिक्सेल कुठून आला?

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला जन्मलेले फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले. गोध्र्याला फोटो स्टुडिओ थाटला, पण प्लेगने पहिली पत्नी आणि मूल नेले. पुढे पुरातत्त्व खात्यातली नोकरी सोडून ते लोणावळ्यात रविवर्मा छापखान्यासाठी ठसे करू लागले, मग स्वतःचा छापखाना काढला. हाफटोन ठशातले चित्र बारीक ठिपक्यांचे असते. ठिपके मोठे तिथे काळोख, लहान तिथे उजेड. पडद्यावरचा पिक्सेल असाच ठिपका. त्याचा आकार मात्र तोच राहतो, उजळपणा बदलतो. फुल एचडी पडद्यावर असे १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात.

भागीदारांशी बिनसल्यावर फाळक्यांनी छापखाना सोडला. १९११मध्ये ख्रिस्तचरित्रावरचा मूकपट पाहिला आणि त्यांना दुसरे काही सुचेना. सिनेमे पाहून आणि प्रयोग करून डोळे इतके शिणले की काही काळ दृष्टीच गेली. ती परतल्यावर विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२मध्ये ते लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले.

फ्रेम रेट म्हणजे काय?

सेकंदाला किती स्थिर चित्रे, तो फ्रेम रेट. मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवून सेकंदाला साधारण १६ चित्रे टिपत. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे मावतात. ‘राजा हरिश्चंद्र’ ३,७०० फुटांचा, म्हणजे ५९,२०० चित्रांचा. फिल्म कोरी येई. कडेची भोके पाडायचे काम सरस्वतीबाई फाळके, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक उरकून, रात्री अंधारात करीत. भोकांचे अंतर चुकले की पडद्यावर चित्र नाचणार. (भारतीय सिनेमाच्या इतिहासात या बाईंना मिळालेली जागा फारच तोकडी आहे.) संगणकात ही ताल धरण्याची जबाबदारी आतल्या घड्याळाकडे असते, ६० हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगतो.

कोडेकचा वाटाण्याशी काय संबंध?

ती ५९,२०० चित्रे फुल एचडीत, कृष्णधवल, दर ठिपक्याला एक बाइट धरून साठवली तर सुमारे १२३ जीबी जागा लागेल. तरी सिनेमा मोबाइलमध्ये मावतो, तो कोडेकमुळे. मागच्या चित्रातले जे बदलले नाही ते कोडेक पुन्हा साठवत नाही. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ थांबून-थांबून एकेक फ्रेम घेत छोटा चित्रपट केला. कुंडी तीच, रोप तेवढे वाढते. अशा फितीत कोडेकला रोपाचाच काय तो हिशेब ठेवावा लागेल. या पद्धतीला आज टाइम-लॅप्स म्हणतात. ती फीत पाहूनच सावकाराने पैसे दिले.

वांगणीत काय घडले?

‘राजा हरिश्चंद्र’चे बाह्यचित्रण वांगणीत झाले. तलवारी घेतलेली माणसे पाहून गावकऱ्यांना दरोडेखोर आल्याचे वाटले आणि मंडळींना पोलिसांनी ताब्यात घेतले, असे सांगतात. फाळके येऊन समजूत घालेपर्यंत काम अडले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये चित्रपट झळकला.

मूळ फीत आज आहे का?

१९३७च्या ‘गंगावतरण’ या बोलपटानंतर फाळक्यांनी चित्रपट केला नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चारपैकी पहिले आणि शेवटचे रीळ पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे. तेही १९१७मध्ये नव्याने केलेल्या आवृत्तीचे असावे, असे काही अभ्यासकांना वाटते. बॅकअप हा शब्द तेव्हा नव्हता.