प्रार्थनेतून सेवेकडे, सेवेतून प्रार्थनेकडे : संत व्हिन्सेंट डी पॉल

मार्था आणि मरिया ह्या दोन बहिणींच्या घरी प्रभू येशू पाहुणा म्हणून गेला होता, तो प्रसंग संत लूकच्या शुभवर्तमानातून आपण वारंवार ऐकतो. एक बहीण प्रभूच्या चरणांपाशी बसून त्याचे बोल ऐकत होती, तर दुसरी त्याच्या पाहुणचारासाठी राबत होती. ह्या दोघी बहिणी आपल्या धर्मग्रामांत आजही भेटतात. कुणी पहाटेची मिस्सा आणि संध्याकाळची रोझरी कधी चुकवत नाही, परंतु शेजारच्या घरी महिनाभर अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेची त्याला वार्ता नसते. कुणी प्रत्येक मदतकार्यात पदर खोचून पुढे असते, परंतु घटकाभर प्रभूसमोर शांत बसण्याची सवड तिला वर्षानुवर्षे मिळत नाही. एकमेकांकडे पाहताना दोघांच्याही मनात थोडी नाराजी असते. प्रार्थना करणाऱ्याला सेवक उथळ वाटतो आणि सेवकाला प्रार्थना करणारा निष्क्रिय वाटतो.

सतराव्या शतकातील फ्रान्समध्ये एका धर्मगुरूने आपल्या आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षे ह्या दोघी बहिणींना एका घरात नांदवण्यासाठी वेचली. ते म्हणजे संत व्हिन्सेंट डी पॉल. २७ सप्टेंबर रोजी ख्रिस्तसभा त्यांचा सण साजरा करते.

महत्त्वाकांक्षी तरुण

व्हिन्सेंट ह्यांचा जन्म १५८१ साली नैर्ऋत्य फ्रान्समधील गॅस्कनी प्रांतात, डॅक्स शहराजवळच्या पुई नावाच्या खेड्यात झाला. घर शेतकऱ्याचे होते. सहा भावंडांत ते तिसरे. बालपणी त्यांनी मेंढरे राखली, डुकरे चारली. मुलगा बुद्धीने तल्लख आहे हे ओळखून वडिलांनी त्याला शिकायला डॅक्सला पाठवले आणि पुढे उच्च शिक्षणासाठी बैलांची जोडी विकली. मुलगा धर्मगुरू झाला तर घराला चांगले दिवस येतील, हाही विचार त्यामागे होता.

ह्या काळातील एक आठवण व्हिन्सेंट उतारवयात वारंवार सांगत. ते डॅक्सला शिकत असताना वडील त्यांना भेटायला आले. वडिलांचे कपडे साधे होते आणि ते पायाने थोडे अधू होते. मुलाला त्यांची लाज वाटली आणि तो त्यांना भेटायला गेलाच नाही. गरिबांचा कैवारी म्हणून जग ज्यांना ओळखते, त्यांनी तारुण्यात आपल्याच घरच्या गरिबीकडे पाठ फिरवली होती.

१६०० साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली, तेव्हा ते जेमतेम विशीचे होते. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने त्यासाठी चोवीस वर्षांची अट घातली होती, परंतु त्या काळी असे नियम सर्रास डावलले जात. त्यानंतरची दहा वर्षे त्यांनी चांगल्या उत्पन्नाची जागा शोधण्यात घालवली. १६०८ पर्यंत ते पॅरिसला पोहोचले. १६१० साली आईला लिहिलेल्या पत्रात, लवकरच मानाची निवृत्ती मिळवून उरलेले दिवस तिच्याजवळ घालवण्याची आशा त्यांनी व्यक्त केली. तेव्हा ते तिशीचेही नव्हते. त्या तरुण धर्मगुरूच्या योजनेत खडतर प्रार्थनेला स्थान दिसत नाही, आणि गरिबांनाही नाही.

अंधारातील वर्षे

परिवर्तन एका दिवसात घडले नाही. पॅरिसमध्ये फादर पिएर द बेरूल ह्या साधुवृत्तीच्या धर्मगुरूंचे मार्गदर्शन त्यांना लाभले. व्हिन्सेंट त्या सुमारास राणी मार्गरेट हिच्या पदरी दानधर्माचे काम पाहत होते. तेथील एक विद्वान ईशज्ञानी श्रद्धेविषयीच्या शंकांनी पोखरून निघाला होता. त्याचा भार आपल्यावर यावा अशी प्रार्थना व्हिन्सेंट ह्यांनी केली आणि खरोखरच तो काळोख त्यांच्या अंतःकरणात उतरला, असे त्यांचे पहिले चरित्रकार बिशप लुई अबेली ह्यांनी नमूद केले आहे. प्रार्थनेचे शब्द ओठांवर येईनासे झाले. तेव्हा त्यांनी विश्वासांगीकार कागदावर लिहून अंगरख्याच्या आत शिवून घेतला आणि शंका दाटून आली की त्यावर हात ठेवायचा, हीच आपली प्रार्थना असा देवाशी करार केला. ह्या अवस्थेत काही वर्षे गेली. प्रभूच्या प्रेमाखातर उरलेले आयुष्य गरिबांना वाहण्याचा निश्चय त्यांनी केला आणि अंधार ओसरला.

ह्या हकिकतीच्या तपशिलाविषयी आजच्या इतिहासकारांत एकमत नाही. परंतु तिच्यातील आध्यात्मिक क्रम व्हिन्सेंट ह्यांच्या पुढील जीवनाशी तंतोतंत जुळतो. कोरड्या पडलेल्या प्रार्थनेने त्यांना गरिबांच्या दारी नेले आणि गरिबांच्या दारी त्यांची प्रार्थना पुन्हा जिवंत झाली.

१६१७ : दोन प्रवचने

१६१३ पासून व्हिन्सेंट हे गोंदी नावाच्या सरदार घराण्याचे धर्मगुरू होते. १६१७ च्या जानेवारीत त्या घराण्याच्या जहागिरीतील गान ह्या गावी एका मरणासन्न शेतकऱ्याचे पापनिवेदन त्यांनी ऐकले. गावात सज्जन म्हणून नावाजलेल्या त्या माणसाने लाजेपोटी काही पापे वर्षानुवर्षे दडवून ठेवली होती. मन मोकळे होताच त्याला अपार शांती लाभली आणि मादाम गोंदी ह्यांच्यासमोर त्याने ती उघडपणे बोलून दाखवली. २५ जानेवारी रोजी, संत पौलाच्या परिवर्तनाच्या सणादिवशी, व्हिन्सेंट ह्यांनी फोलव्हील येथील चर्चमध्ये ह्याच विषयावर प्रवचन केले. पापनिवेदनासाठी इतकी गर्दी लोटली की आमियाँ शहरातून येशूसंघीय धर्मगुरूंना मदतीला बोलवावे लागले. खेड्यातील गोरगरिबांची आध्यात्मिक उपासमार त्यांनी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिली.

त्याच वर्षी ते शातियों ह्या गावी धर्मग्रामाची जबाबदारी सांभाळायला गेले. ऑगस्टमधील एका रविवारी ते मिस्सासाठी वस्त्रे परिधान करीत असताना निरोप आला. गावाबाहेरच्या एका घरात सगळेच आजारी होते आणि पाणी द्यायलाही कुणी उरले नव्हते. व्हिन्सेंट ह्यांनी मिस्सा थांबवली नाही. त्यांनी ती वेदना वेदीपाशी नेली आणि प्रवचनातून लोकांपुढे ठेवली. दुपारी ते स्वतः त्या घराकडे निघाले, तेव्हा वाटेत अन्न घेऊन जाणाऱ्या आणि परतणाऱ्या स्त्रियांची रीघ लागलेली दिसली. उन्हाच्या काहिलीत कित्येकजणी झाडाखाली विसावल्या होत्या.

हे दृश्य पाहून कोणताही प्रवचनकार संतोष पावला असता. व्हिन्सेंट मात्र विचारात पडले. इतके अन्न एका दिवसात संपणार नव्हते, त्यातले बरेच नासणार होते आणि चार दिवसांनी ते घर पुन्हा उपाशी राहणार होते. लोकांच्या मनात दया होती, परंतु तिला शिस्त नव्हती. काही दिवसांतच त्यांनी गावातील स्त्रियांना एकत्र केले आणि वर्ष संपण्यापूर्वी बिशपांच्या मान्यतेने पहिला दयासंघ रीतसर स्थापन झाला.

त्या संघाची नियमावली आजही वाचण्यासारखी आहे. पाळी असलेल्या बहिणीने स्वयंपाक करून रुग्णाच्या घरी जावे, प्रेमाने त्याची विचारपूस करावी, समोर स्वच्छ कापड पसरावे, त्याचे हात धुवावेत, जेवणापूर्वीची प्रार्थना म्हणावी, मांसाचे तुकडे करून द्यावेत आणि हसतमुखाने त्याला खाण्याचा आग्रह करावा, असे तीत सांगितले आहे. ज्यांच्याजवळ घरचे कुणी आहे अशा रुग्णांकडे प्रथम जावे आणि एकाकी रुग्णाकडे शेवटी, म्हणजे त्याच्यापाशी अधिक वेळ बसता येईल, असाही बारकावा तीत आहे. त्याच नियमावलीत ह्या गृहिणींच्या रोजच्या प्रार्थनेचाही विचार केलेला आहे. शक्य असेल तर दररोज मिस्सा ऐकावी आणि वाचता येणाऱ्या भगिनींनी संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांच्या भक्तिमार्गावरील ग्रंथातील एक प्रकरण सावकाश वाचावे, असे त्यांना सुचवले होते. रुग्णाची थाळी आणि प्रार्थनेचे पुस्तक, दोहोंची व्यवस्था एकाच कागदावर झाली.

नगराच्या गल्ल्या हाच मठ

१६२५ साली व्हिन्सेंट ह्यांनी ग्रामीण जनतेत शुभवार्ता सांगण्यासाठी मिशन संघाची स्थापना केली. १६३२ मध्ये पॅरिसमधील सेंट लाझार हा जुना कुष्ठाश्रम त्यांच्या संघाकडे आला आणि ते त्यांच्या कार्याचे केंद्र बनले. दयासंघही पॅरिसमध्ये पसरले, परंतु तेथे एक अडचण उभी राहिली. उमराव घराण्यांतील स्त्रिया पैसा देत, पण रुग्णाचे मलमूत्र काढण्याची वेळ आली की नोकराणीला पाठवत.

अशा वेळी सुरेन गावची मार्गरीत नासो ही गुराखी मुलगी पुढे आली. ती गुरे राखता राखता वाटसरूंना अक्षरे विचारून स्वतः वाचायला शिकली होती आणि इतर मुलींना शिकवत होती. रुग्णसेवेसाठी तिने स्वतःला वाहून घेतले. प्लेगची लागण झालेल्या एका स्त्रीला तिने आपल्या बिछान्यावर जागा दिली आणि १६३३ साली त्याच आजाराने ती मरण पावली. तिच्यासारख्या खेडवळ मुलींना घडवण्याचे काम लुईझ द मारियाक ह्या विधवा स्त्रीने हाती घेतले. २९ नोव्हेंबर १६३३ रोजी तिच्या घरी काही मुली एकत्र राहू लागल्या आणि 'डॉटर्स ऑफ चॅरिटी' ह्या धर्मभगिनींच्या समूहाचा आरंभ झाला.

त्या काळी व्रतस्थ स्त्रियांनी मठाच्या भिंतीआड राहावे असा ख्रिस्तसभेचा दंडक होता. तो लागू झाला असता तर गरिबांच्या घरची वाट बंद झाली असती. म्हणून व्हिन्सेंट आणि लुईझ ह्यांनी ह्या भगिनींना मठवासिनी होऊ दिले नाही. रुग्णांची घरे हाच त्यांचा मठ, भाड्याची खोली हीच त्यांची कुटी, धर्मग्रामाचे चर्च हेच त्यांचे प्रार्थनामंदिर आणि शहराचे रस्ते हेच त्यांचे आवार, असे त्यांनी ठरवून दिले. ह्या भगिनींनी १६४२ साली प्रथम व्रते घेतली, तो दिवस २५ मार्चचा, देवदूताच्या निरोपाच्या सणाचा होता. त्यांची व्रते आजही वर्षावर्षाने नव्याने घेतली जातात.

भगिनींपुढे एक प्रश्न रोज उभा राहत असे. प्रार्थनेच्या वेळी रुग्णाला औषध द्यायचे असेल तर काय करावे? व्हिन्सेंट ह्यांनी त्यांना निःसंकोच उठून जायला सांगितले. देवासाठी देवाला सोडून जाणे म्हणजे त्याला सोडणे नव्हे, ही त्यांची शिकवण आज जगभर ओळखली जाते.

पहाटेचे चार

मात्र ह्या शिकवणीचा सोयीस्कर अर्थ लावणाऱ्यांनी व्हिन्सेंट ह्यांची दिनचर्या पाहावी. ते पहाटे चार वाजता उठत आणि आपल्या बांधवांसह तासभर मूक चिंतनात बसत. भगिनींचा दिवसही पहाटेच्या चिंतनानेच सुरू होई. सेवेसाठी प्रार्थना सोडण्याची मुभा त्यांनी प्रार्थनेत रोज बसणाऱ्यांना दिली होती. जो तेथे बसलाच नाही, त्याच्याजवळ सोडून येण्यासारखे काही नव्हते.

दुसऱ्या टोकालाही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे सावध केले. प्रार्थनेत मनाला गोड वाटणाऱ्या भावनांवर त्यांचा फारसा भरवसा नव्हता. देवावरचे प्रेम बाहूंच्या कष्टांतून आणि कपाळाच्या घामातून सिद्ध व्हावे, असे ते आपल्या बांधवांना सांगत.

त्यांच्या कार्याचा व्याप थक्क करणारा होता. पॅरिसमध्ये टाकून दिलेल्या तान्ह्या बाळांचा सांभाळ त्यांनी १६३८ पासून भगिनींकडे सोपवला. युद्धाने होरपळलेल्या लॉरेन प्रांतात त्यांनी मदत पाठवली. ब्रदर मात्यू रेनार हे लुटारूंनी भरलेल्या वाटांवरून पैसे घेऊन पन्नासहून अधिक वेळा तेथे गेले. यादवी युद्धाच्या काळात सेंट लाझारच्या दारी भुकेल्यांना सूप वाटले जाई. धर्मगुरूंच्या घडणीसाठी ध्यानसाधना आणि मंगळवारच्या सभा चालत. राजदरबाराच्या धार्मिक सल्लागार मंडळातही ते बसत. अशा माणसाला प्रार्थनेसाठी वेळ नाही म्हणण्याचा अधिकार कुणाहीपेक्षा जास्त होता.

अखेरच्या वर्षांत पायांच्या जखमांनी त्यांना जागेवर खिळवले. १५ मार्च १६६० रोजी लुईझ ह्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांना अंत्यदर्शनालाही जाता आले नाही. २७ सप्टेंबर १६६० रोजी पहाटे, खुर्चीत बसल्या बसल्या, त्यांनी देह ठेवला. घड्याळात पावणेपाच वाजले होते. रोज त्या घटकेला ते बांधवांसमवेत चिंतनात असत.

१७३७ साली पोप क्लेमेंट बारावे ह्यांनी त्यांना संतपद बहाल केले आणि १८८५ साली पोप लिओ तेरावे ह्यांनी त्यांना दयाकार्य करणाऱ्या संस्थांचे आश्रयदाते संत घोषित केले. तत्पूर्वी १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम ह्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने पॅरिसमध्ये मित्रांसह त्यांच्या नावाने प्रापंचिकांची संघटना सुरू केली. गरिबांच्या घरांची वाट त्या तरुणांना सिस्टर रोझाली रेंद्यू ह्यांनी दाखवली. त्या व्हिन्सेंट ह्यांच्याच भगिनीसमूहातील होत्या.

हीच सेंट व्हिन्सेंट डी पॉल संघटना मुंबई आणि वसईतील अनेक धर्मग्रामांत आपल्या परिचयाची आहे. तिच्या सभेची रीत साधी आहे. आरंभी प्रार्थना, मग थोडे आध्यात्मिक वाचन, त्यानंतर गरजू कुटुंबांचा एकेक करून विचार आणि अखेरीस पुन्हा प्रार्थना. मग सभासद दोघादोघांनी त्या घरांना भेट देतात. शातियोंच्या नियमावलीतील क्रमच येथे चालत आला आहे. सभेत उशिरा येऊन प्रार्थना टाळणे सोपे असते आणि प्रार्थना म्हणून घरी जाणे त्याहून सोपे. संत व्हिन्सेंट ह्यांच्या मध्यस्थीने ह्या दोन्ही मोहांपासून आपली सुटका होवो आणि प्रभूच्या चरणांपाशी बसणारी मरिया व त्याची सेवा करणारी मार्था आपल्या प्रत्येक घरात एकत्र नांदो.