रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे : कामगारांचे कैवारी

करी रोड, लालबाग, परळ ही नावे आपल्या गावाला परकी नाहीत. पोटापाण्यासाठी मुंबईस गेलेल्या आपल्या कित्येक बांधवांनी तेथील गिरण्यांत घाम गाळला, चाळीच्या खोलीत दाटीवाटीने दिवस काढले आणि घरी मनीऑर्डर पाठविली. १९८२ च्या संपानंतर त्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. परंतु ज्या रविवारच्या सुटीत तेथे भजने रंगली, गावकीच्या सभा भरल्या आणि देवळाची वर्गणी गोळा झाली, ती सुटी मिळवून देणाऱ्या पुरुषाचे स्मरण या प्रसंगी करणे अगत्याचे आहे.

नारायणरावांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे गरीब कुटुंबात झाला. घराण्याचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातील कन्हेरसर. परिस्थितीमुळे शिक्षण अर्धवट राहिले. टपाल खात्यात नोकरी करून पुढे ते मांडवी येथील एका कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. तेथे त्यांनी कामगारांचे हाल डोळ्यांनी पाहिले. पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत काम, आठवड्याची सुटी नाही, पगाराचा नेम नाही. महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांचा त्यांच्यावर संस्कार होता. १८८० मध्ये त्यांनी ‘दीनबंधु’ पत्राची धुरा खांद्यावर घेतली व कामगारांची गाऱ्हाणी त्यातून मांडली.

१८८४ मध्ये त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली. संस्थेपाशी ना निधी होता, ना छापील नियम. त्याच वर्षी सप्टेंबरात परळ भागात कामगारांची सभा भरली आणि सुमारे ५,५०० जणांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि वेळेवर पगार या मागण्या त्यात होत्या. कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार मिळावा व कायमचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी, हीही मागणी होती. कष्टकऱ्यास भीक नको, त्याचा हक्क हवा, हे त्यामागील तत्त्व होय.

रविवार हा बहुजनांच्या खंडोबाचा वार. त्या दिवशी विश्रांती मिळावी, देवधर्म व समाजकार्य करता यावे, अशी नारायणरावांची धारणा होती. मालकांनी प्रथम दाद दिली नाही, तरी त्यांनी हातचे काम सोडले नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

विधवांचे केशवपन थांबावे म्हणून त्यांनी नाभिक बांधवांना संघटित केले. १८९३ च्या दंगलीनंतर हिंदू-मुसलमानांत सलोखा व्हावा म्हणून ते झटले. १८९५ मध्ये सरकारने त्यांना रावबहादूर हा किताब दिला. पुढे मुंबईत प्लेगने थैमान घातले. धनिक शहर सोडून गेले, पण नारायणराव रुग्णांच्या सेवेत राहिले. त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. वयाची पन्नाशीही पुरी झाली नव्हती. २००५ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आज आपल्या देवळाचा जीर्णोद्धार होत आहे. त्यातील बरीचशी वर्गणी कष्टाच्या पैशातून आलेली आहे. ज्या गावात देऊळ उभे राहते, त्या गावात आजारी, अपंग व निराधार माणूस एकटा पडू नये. हाताला काम असणाऱ्याने स्वाभिमानाने कष्ट करावेत आणि ज्याचे हात थकले त्याला समाजाने सावरावे, हाच या थोर पुरुषाच्या जीवनाचा बोध होय.