समर्थ रामदास

समर्थ रामदास स्वामी (जन्म: चैत्र शुद्ध ९, शके १५३०, इ.स. १६०८, निर्वाण: माघ वद्य ९, शके १६०३, इ.स. १६८२) हे सतराव्या शतकातील मराठी संतकवी होते. दासबोध आणि मनाचे श्लोक ही त्यांची प्रमुख रचना होय. सैरभैर मनाचे निरीक्षण करून त्याला विवेकाने सावध ठेवणे हे त्यांच्या शिकवणीचे एक मुख्य सूत्र आहे.

पूर्वायुष्य

त्यांचा जन्म सध्याच्या जालना जिल्ह्यातील जांब या गावी झाला. मूळ नाव नारायण सूर्याजी ठोसर. आईचे नाव राणूबाई, तर थोरले बंधू गंगाधर. वडिलांचे छत्र बालपणीच हरपले. बाराव्या वर्षी विवाहप्रसंगी मंगलाष्टकांतील सावधान हा शब्द ऐकून ते बोहल्यावरून निघून गेले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. नाशिकजवळील टाकळी येथे त्यांनी बारा वर्षे तपश्चर्या केली. नदीच्या पात्रात उभे राहून ते त्रयोदशाक्षरी राममंत्राचा जप करीत, असे सांप्रदायिक चरित्रांत म्हटले आहे. त्यानंतर सुमारे बारा वर्षे देशभर तीर्थाटन करून ते १६४४ च्या सुमारास कृष्णाकाठी आले. १६४८ मध्ये चाफळ येथे त्यांनी राममंदिर उभारले.

शिवथरघळ

महाड तालुक्यात, वरंध घाटाच्या पायथ्याजवळ शिवथरघळ आहे. पावसाळ्यात घळीच्या तोंडावर मोठा धबधबा कोसळतो. येथेच रामदासांनी दासबोध सांगितला आणि शिष्य कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० मध्ये ही घळ उजेडात आणली. मात्र मूळ स्थानाविषयी मतभेद असून त्याच तालुक्यातील रामदास पठाराचेही नाव घेतले जाते.

दासबोधाच्या सहाव्या दशकात कलियुगाची ४७६० वर्षे झाल्याचा उल्लेख आहे. त्यावरून तो भाग शके १५८१ म्हणजे इ.स. १६५९ चा ठरतो. हा परिसर तेव्हा जावळीच्या खोऱ्यात मोडत असे. त्याच वर्षी १० नोव्हेंबरला, पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा वध झाला. मनःशांतीचा हा विचार असा धामधुमीच्या मुलखात मांडला गेला.

मनाविषयीचा विचार

मनाचे श्लोक २०५ असून ते भुजंगप्रयात वृत्तात आहेत. त्यांत रामदास मनाला शत्रू न मानता सज्जन म्हणून संबोधतात आणि समजुतीच्या स्वरात त्याच्याशी बोलतात. बोलणारा आणि मन यांत पडलेले हे अंतर महत्त्वाचे आहे. ज्याला उपदेश करता येतो, त्याच्याकडे तटस्थपणे पाहताही येते. गेलेल्याचा शोक करणाराही एक दिवस जातो, याची आठवण ते मनाला देतात.

दासबोधाच्या अठराव्या दशकातील अखेरच्या समासात श्रोत्यांची अवलक्षणे वर्णिली आहेत. शरीर श्रवणास बसलेले, पण मन भलत्याच विचारांत गुंतलेले, अशा श्रोत्याचे चित्र तेथे विनोदी ढंगाने येते. अकराव्या दशकात पहाटेपासूनचा दिनक्रम सांगून एकही क्षण वाया न घालवणे हे भाग्याचे लक्षण ठरवले आहे. रामदासांना अभिप्रेत असलेले वर्तमानाचे भान म्हणजे केवळ निर्विचार बसणे नव्हे. भक्ती, प्रपंच किंवा लेखन, हाती असेल त्या कामात मनासह उपस्थित राहणे, असा त्याचा अर्थ होतो. साक्षेप म्हणजे सततचा प्रयत्न हा त्यांच्या विचारात ध्यानाइतकाच आवश्यक आहे.

अखेरचा काळ व प्रभाव

१६७६ पासून त्यांचे वास्तव्य सज्जनगडावर होते. तेथेच त्यांची समाधी असून दरवर्षी माघ वद्य नवमीला दासनवमी साजरी होते. अठराव्या शतकात दक्षिणेतील सूफी कवी शाह तुराब यांनी मनाच्या श्लोकांच्या आधारे दखनी भाषेत मनसमझावन हे काव्य रचले. महाराष्ट्रातील अनेक घरांत आणि शाळांत मनाचे श्लोक आजही मुलांकडून पाठ करून घेतले जातात.